भिंतीपलीकडचे फुकटे

सोमवार, १३ जानेवारी

ग्रंथपाल महाशय,

रविवार, १२ जानेवारी. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. स्थळ, तुमच्या वाचनालयाचं तळमजल्यावरचं सभागृह, जिथे पंखे फिरतात पण वारा येत नाही. ‘आपलं ड्राइव्ह-इन’ या प्रदर्शनाचं उद्घाटन चाललं होतं. माइक तुमच्या हातात होता. मोटारीत बसून उघड्यावर सिनेमा बघायचं ते थिएटर कसं भव्य होतं, गाड्यांच्या रांगा कशा लागत, मालक कसे हॅट घालून फाटकात उभे राहत, हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही भिंतीवरचं शेवटचं कार्ड वाचून दाखवलंत: “भिंतीपलीकडचे फुकटेही काही कमी नव्हते!”

सभागृह हसलं. तुम्हीही हसलात. तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसलेली, राखाडी शाल घेतलेली जी बाई उठून निघून गेली, ती मी. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मुद्दाम केला होता.

मी भिंतीपलीकडची आहे. जन्मापासून आजपर्यंत, त्याच गल्लीत, त्याच इमारतीत. ड्राइव्ह-इन गेलं, पडद्याची भिंत पाडली, तिथे दुकानांचं संकुल झालं, त्याचा वाहनतळ झाला. गाड्या अजूनही येतात, रांगेत उभ्या राहतात, फक्त आता समोर बघायला काही नसतं. मी मात्र हलले नाही. तेव्हा भिंतीपलीकडे काय होतं आणि काय नव्हतं, हे हॅटवाल्या मालकांच्या फोटोवरून मला शिकवू नये.

तुमच्या प्रदर्शनात मी मोजून सगळे फोटो पाहिले. गाड्या आहेत. गाड्यांना टेकलेल्या बायका आहेत. एका फोटोत मागे आमची इमारतही आहे, पण गच्चीवर कडेने कात्री चालवली आहे. म्हणजे फोटोत आम्ही नाही, आणि कार्डावर आहोत ते फुकटे म्हणून. वा!

तरी ते कार्ड उतरवावं आणि झाल्या प्रकाराबद्दल लेखी दिलगिरी सोमवार, २० जानेवारी, सायंकाळी पाचपर्यंत माझ्या पत्त्यावर पोचवावी. ईमेल पाठवू नये. मी कागदाला उत्तर देते, काचेला नाही.

आपली,
भिंतीपलीकडची एक
(निवृत्त टेलिफोन ऑपरेटर)


शुक्रवार, १७ जानेवारी

आदरणीय बाई,

पत्र मिळालं. खुर्चीचा आवाजही मिळाला होता.

दिलगिरी आधी, कारण मुदत जवळ आहे. मी मनापासून दिलगीर आहे. कार्ड उतरवून टेबलाच्या खणात ठेवलं आहे. आता थोडं माझ्या बाजूने, परवानगी असेल तर.

मी या गावात नवा आहे. मला तिथे वाहनतळच दिसतो. ‘आठवणी पाठवा’ असं आवाहन वर्तमानपत्रात दिलं, तेव्हा मालकांच्या पुतण्यांनी पेटीभर फोटो दिले. गच्ची कापलेला फोटो त्यांच्याकडून तसाच आला. भिंतीच्या त्या बाजूने मात्र एकच टपाल आलं, परगावच्या एका बाईंचं. त्या स्वतः तुमच्याच गल्लीत वाढलेल्या. कार्डावरचं वाक्य त्यांचं आहे. उद्गारचिन्ह माझं. तेवढा गुन्हा कबूल.

त्या बाईंनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. गच्चीवर आवाज पोचत नसे, आणि इंग्रजी सिनेमा असला की कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी एक मुलगी नटनट्यांचे ओठ वाचून सगळ्यांना आपल्या भाषेत संवाद सांगत असे. तुमच्या पत्रातली भाषा वाचून मला शंका आली. ती मुलगी आपण का?

असाल तर एक विनंती. ड्राइव्ह-इनमध्ये जो सिनेमा वारंवार लागायचा, तो जहाजाच्या कप्तानाचा, त्याची प्रत एका संग्रहात सापडली आहे. शनिवार, २२ फेब्रुवारीला, अंधार पडला की, वाहनतळाच्या पांढऱ्या भिंतीवर तो दाखवायचा बेत आहे. बरोबर त्याच जागी. त्याआधी आपण येऊन दोन शब्द सांगितलेत तर आमच्या प्रदर्शनाला भिंतीची दुसरी बाजू मिळेल. नाहीतर पुढच्या पिढीला गाड्याच दिसतील.

चहा मिळेल. सभागृहातला पंखा दुरुस्तीला दिला आहे.

आपला नम्र,
ग्रंथपाल


सोमवार, २० जानेवारी

ग्रंथपाल महाशय,

उत्तर मुदतीत आलं, शुद्धलेखन बरं आहे, म्हणून पुढे लिहिते.

हो, ती मुलगी मी. पण ‘ओठ वाचून’ हे खोटं आहे. ओठ वाचता येतात असं मी कधीच म्हटलं नव्हतं. लोकांनी ठरवलं आणि मी खोडलं नाही.

आधी जागा समजून घ्या. आमची इमारत ड्राइव्ह-इनच्या मागच्या कुंपणाच्या भिंतीला खेटून. गच्चीवर उभं राहिलं की समोर मैदान, त्यात लाटांसारखे मातीचे उंचवटे, गाडीचं नाक वर राहावं म्हणून केलेले. पलीकडच्या टोकाला पडदा, म्हणजे चुना दिलेली प्रचंड भिंत. चित्र आमच्यापर्यंत झकास यायचं. आवाज नाही. प्रत्येक गाडीशेजारी एक लोखंडी खांब, त्याला वायर लावलेला पत्र्याचा डबा. तो डबा उचलायचा आणि गाडीच्या काचेला लटकवायचा. बोलणं, गाणं, गोळीबार, जे काय ते त्या डब्यातून. मैदानभर ते डबे कुजबुजत असायचे आणि आमच्याकडे यायची नुसती गुणगुण, बरणीत माशी अडकल्यासारखी.

त्या डब्यासाठी आम्ही जीव टाकायचो. माझी मावसबहीण खालच्या मजल्यावर राहायची. ती म्हणायची, “मला एक डबा मिळू दे गं, मी तो उशाशी घेऊन झोपेन.”

एका संध्याकाळी पडद्यावर एक बाई खूप वेळ काहीतरी बोलत होती. माझी आई वैतागली. “एवढी फी भरून तुला कॉन्व्हेंटमध्ये घातलंय. सांग की ती काय म्हणतेय!”

शाळेत सिस्टर उच्चार शिकवताना म्हणायच्या, माझ्या ओठांकडे बघा. पण सिस्टरचे ओठ हातभर अंतरावर, आणि या बाईचे मैदानापलीकडे, एकेक खाटेएवढा. मला काय डोंबल कळणार! पण अख्खी गच्ची माझ्याकडे बघत होती, आणि मी मागे हटणाऱ्यांतली नाही. म्हटलं, “ती म्हणतेय, सासूबाई, आता मी या घरात राहणार नाही.” गच्ची एकदम सावरून बसली. त्या दिवसापासून मी सगळ्या बायका झाले. नायिका, सासू, मोलकरीण, राणी. आणि पुरुष सगळे मावसबहीण. तिचा आवाज जन्मापासून घोगरा आणि भरदार. फोनवर बोलली तर लोक तिला ‘साहेब’ म्हणायचे. आम्ही तिला ‘कप्तान’ म्हणायला लागलो, तुम्हाला सापडलेल्या सिनेमावरूनच. ती मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायची. तिच्या तोंडी ती शिवी होती.

प्रेक्षकही काही गप्प बसणारे नव्हते. शिंपीकाका मध्येच ओरडायचे, “हा खोटं बोलतोय, डोळे बघा मेल्याचे!” की आम्ही त्याला लगेच खोटारडा करायचो. तिसऱ्या मजल्यावर नर्सबाई राहायच्या. कपडे न बदलता, ड्यूटीवरून थेट गच्चीवर. त्यांनी एकदा बजावलं, “दिवसभर वॉर्डात काय बघायचं ते बघते. इथे कुणी मरायचं नाही.” तो गच्चीचा नियम झाला. पडद्यावर कुणी धारातीर्थी पडला तर कप्तान जाहीर करायची, “चक्कर आली आहे, उद्या बरा होईल.” आणि नर्सबाई मान डोलवायच्या. वैद्यकीय मत घेतल्याखेरीज आम्ही कुणाला बरं केलं नाही.

तुमच्या सिनेमाचा शेवट सांगते. कप्तान वादळात हरवलेला. बायको रोज धक्क्यावर येऊन उभी. शेवटी एक जहाज लागतं, शिडीवरून टोपी घातलेला माणूस उतरतो, तिच्यासमोर उभा राहतो आणि दोनच शब्द बोलतो. ती दोनतीन बोलते. मग तिच्या डोळ्यांतून धारा. आमच्या गच्चीवर तो म्हणायचा, “उशीर झाला.” आणि ती म्हणायची, “चहा गार झाला.” बस. गल्लीत ते वर्षानुवर्षं चाललं. नवरा कामावरून उशिरा आला की दारातच म्हणायचा, उशीर झाला. आतून उत्तर तयार. माझी आई शेवटच्या आजारातसुद्धा मला म्हणाली होती, “किती छान सिनेमा होता गं, तो परत आला.”

तेव्हा सांगा, आम्ही फुकटे कसे? अर्धा सिनेमा त्यांचा होता. उरलेला अर्धा आम्ही घरून आणला होता.

आता दुसरी गोष्ट. ते वाक्य पाठवणाऱ्या परगावच्या बाई कोण, हे मी ओळखलं आहे. तिला सांगा, ‘फुकटे’ म्हणायचा हक्क तिने गमावला. तीन वर्षांपूर्वी तिला फोन केला. उचलला. एक शब्द नाही. मी चार वेळा “कप्तान?” म्हटलं. मी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहे महाशय, लाइनवर माणूस आहे की नाही हे मला श्वासावरून कळतं. श्वास होता. ती होती. ऐकत होती. आणि तिने फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेव्हापासून मी नंबर फिरवलेला नाही, आणि माझं काय चुकलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ती पुरुष आणि मी बायका. अर्धी गच्ची घेऊन मी तुमच्या सभागृहात येणार नाही. तुमचा पंखा दुरुस्त झाला तरी.

आपली,
भि. प. ए.


बुधवार, २९ जानेवारी
(ग्रंथपालांच्या पाकिटातून)

कॉन्व्हेंट,

चिडलीस? छान. चिडलीस म्हणजे ठणठणीत आहेस.

‘फुकटे’ हा शब्द मीच लिहिला, आणि त्या बिचाऱ्या ग्रंथपालांना कळवलं की हा ठळक लावा. मला माहीत होतं, गल्लीतलं कुणी असेल नसेल, तू उद्घाटनाला जाणार, वाचणार, आणि आठवड्याच्या आत कुणाची तरी झाडाझडती घेणार. तू तर दुसऱ्याच दिवशी घेतलीस. वयाने तुझा वेग कमी झालेला नाही. तुझी दोन्ही पत्रं त्यांनी मला पाठवली. त्यांच्यावर त्यासाठी वेगळा खटला भरू नकोस, मीच मागितली.

शिवाय शब्द काही वाईट नाही. तुला आठवत नाही का, पहारेकरी टॉर्च मारून ओरडायचा, “ए फुकट्यांनो, खाली उतरा!” आणि मी मालकाच्या आवाजात वरून म्हणायचे, “राहू दे त्यांना, घरचेच आहेत!” तो बिचारा सलाम ठोकून जायचा. मला तर ती पदवी वाटते.

आता खरं ते. चार वेळा कागद घेऊन बसले आणि उठले. तुझा राग समोरून अंगावर घ्यायला छाती लागते, म्हणून मध्ये एक ग्रंथपाल उभा केला.

तीन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. कापावी लागली. गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढली. आता मी बरी आहे, हे आधी वाच आणि मग पुढे जा. तपासण्या चांगल्या येतात, जेवते, जिने चढते, सुनेशी भांडते, फक्त लिहून. पण आवाज गेला. श्वाससुद्धा आता गळ्यावरच्या भोकातून जातो येतो.

तुझा फोन आला तेव्हा घरी येऊन आठवडा झाला होता. घरात कुणी नव्हतं. सवयीने उचलला. तू म्हणालीस “कप्तान?” आणि मी तोंड उघडलं. नुसता वारा. तू परत म्हणालीस. मी परत प्रयत्न केला. तू श्वास ऐकलास ना? ऐकलास ते बरोबरच ऐकलंस. तो मी बोलत होते.

मग सुनेला सांगून तुला कळवता आलं असतं. कळवलं नाही. सगळ्या जगाला कळलं तरी चालेल, पण तुला कळू नये असं वाटलं. कप्तान गेला, आणि हे कॉन्व्हेंटला कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणखी एक लपवलेलं आहे, तेही घेऊन टाक. माझं लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी मला गाडीतून ड्राइव्ह-इनला नेलं होतं. तुम्ही सगळे गच्चीवरून हात हलवत होतात. घरी आल्यावर तू पहिलं विचारलंस, “डब्याचा आवाज कसा असतो?” मी म्हटलं, बरा असतो. सिनेमा आपल्या कप्तानाचाच होता. पहिल्यांदाच मी तो कानांनी बघितला. शेवट आला, माणूस शिडीवरून उतरला, आणि ह्यांनी मला सांगितलं तो काय म्हणतोय. अगं, तो कप्तान नव्हताच! धाकटा भाऊ. तिला टोपी परत द्यायला आला होता. कप्तान बुडाला होता.

मी परत आले. पुढच्या खेळाला गच्चीवर बसले, शेवटी तो उतरला, आणि मी म्हटलं, “उशीर झाला.” तू म्हणालीस, “चहा गार झाला.” मावशी डोळे पुसत होती. नर्सबाई बघत होत्या. नियम म्हणजे नियम.

२२ तारखेला मी येणार नाही. दवाखान्याने बोलायला एक यंत्र दिलं आहे, दाढीच्या मशिनीएवढं. गळ्याला टेकवायचं आणि ओठ हलवायचे. आवाज येतो. आवाज कसला, पत्र्याच्या डब्यात माशी कोंडल्यासारखी गुणगुण. नातू खूश आहे, आजी रोबो झाली म्हणतो. मी ते कपाटात टाकलं आहे. गल्लीने कप्तान ऐकला आहे तो तसाच राहू दे. तू दोन्ही आवाज कर. तुझी भांडणाची पट्टी पुरुषांना चालून जाईल.

तुझी,
फुकटी नंबर दोन


सोमवार, ३ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

तुमच्या बहिणींचं पत्र मी वाचलेलं नाही. पण पाकीट उघडंच आलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘वाचलंत तरी चालेल, तुम्हीच यात अडकलात.’ तरीही नाही वाचलं.

लिहायचं कारण निराळं. सिनेमाची प्रत आली. मालकांच्या पुतण्यांनी जुन्या गाड्या असलेल्या मंडळींना बोलावलं आहे. गाड्या वाहनतळात उभ्या राहतील आणि आवाज गाडीतल्या रेडिओवर लागेल. लाउडस्पीकरला संकुलाची परवानगी नाही. मी विचारलं, गल्लीतल्या लोकांचं काय? पुतणे म्हणाले, “त्यांना गच्चीवरून दिसेल की, पूर्वीसारखं.”

म्हणजे भिंतीपलीकडे पुन्हा चित्र आहे आणि आवाज नाही.

मी वाद घातला. एवढंच मिळवलं की गच्चीवर काय करायचं ते गच्चीने ठरवावं, त्यात कुणी पडणार नाही. कार्यक्रमपत्रिका शुक्रवारी, १४ तारखेला छापायला जाते. तीत ‘गच्चीवरचा खेळ’ अशी ओळ घालू का? तुम्ही एकट्या असलात तरी मी ती मोठ्या अक्षरांत घालीन. ओळ नसेल, तर यापुढे जो कुणी ही पत्रिका बघेल त्याला वाटेल की त्या मैदानात नुसत्या गाड्याच सिनेमा बघत होत्या.

आपला नम्र,
ग्रंथपाल


बुधवार, ५ फेब्रुवारी

ग्रंथपाल महाशय,

पूर्वीसारखं म्हणे! पुतण्यांना माझा निरोप द्या, पूर्वीसारखंच होईल, आणि ते ऐकायला त्यांना गाडीच्या काचा खाली कराव्या लागतील.

ओळ घाला. खणातलं कार्ड बाहेर काढा, आहे त्याच्या दुप्पट मोठं करून दारातच लावा. उद्गारचिन्ह काढा, आम्ही काही चमत्कार नव्हतो. खाली लिहा: ‘चित्र थिएटरचं, आवाज घरचा.’

गच्ची आमच्या इमारतीची आहे, कुणाच्या तीर्थरूपांची परवानगी लागत नाही. लिफ्ट बसवली आहे, नर्सबाईंची चाकाची खुर्ची थेट वर जाते. मी त्यांना विचारून आले. पहिला प्रश्न त्यांनी केला, “नियम तोच ना?” शिंपीकाका नाहीत, पण त्यांची मुलगी येणार आहे. वडिलांसारखीच मध्ये मध्ये बोलते.

सादरकर्ते म्हणून दोन नावं छापायची आहेत, ‘कॉन्व्हेंट आणि कप्तान’. दुसरं नाव पक्कं व्हायचं आहे. १४ तारखेला सकाळी कळवते. तोवर छापखान्याला थोपवून धरा.

पाकीट वाचलं नाहीत हे चांगलं केलंत. आता वाचायला हरकत नाही. अडकलातच आहात.

आपली,
कॉन्व्हेंट


बुधवार, ५ फेब्रुवारी

कप्तान,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले की आधी चिडले, हे तुला सांगणार नाही.

आयुष्यभर हेडफोन लावून बसले. लाइन मेली की मला कळायचं. माणूस प्यायलाय, घाबरलाय, बायकोपासून लपवतोय, सगळं श्वासावरून कळायचं. नव्या मुलींना मी हेच शिकवलं. आणि माझ्याच माणसाचा श्वास कानात असताना मी निकाल दिला की ती गप्प बसली आहे. असो. यावर एवढंच. तू येशील तेव्हा तोंडावर दोन शिव्या दे, मी उलट बोलणार नाही. निदान पहिलीला.

पण तू काय केलंस! कप्तान बुडाला हे तुला तेव्हापासून ठाऊक, आणि तू चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाहीस! पुढच्या खेळाला खणखणीत “उशीर झाला” म्हणालीस. आणि मी मूर्ख, ओठ वाचणारी प्रसिद्ध विदुषी, तुझ्या शेजारी बसून चहा गार करत होते. आई त्या माणसाच्या परतण्यावर समाधानाने गेली. शाब्बास. याबद्दल तुला कधीही माफी मागू देणार नाही.

आता ऐक. ‘कप्तान गेला’ असं तू लिहिलं आहेस. पत्रात दोन परिच्छेदांच्या अंतरावर गच्चीचा नियमही तूच लिहिला आहेस. जरा शेजारी शेजारी ठेवून वाच. आपल्याकडे कुणी जात नाही. चक्कर येते.

आणि ते यंत्र. पत्र्याच्या डब्यात माशी कोंडल्यासारखी गुणगुण, असं तू लिहिलंस. मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठून गच्चीवर गेले. उगाच. खाली वाहनतळ होता, एकजण गाडी मागे घेताना शिट्टी वाजवत होता. मी म्हटलं, अगं बाई, ही बया काय लिहितेय ते हिला तरी कळतंय का? पत्र्याचा डबा. गुणगुण. आठव! मैदानभर खांबांना काय लटकत होतं? संध्याकाळ झाली की आपण कशासाठी कठड्यावरून अर्ध्या बाहेर लोंबकळायचो? गाड्यांना मिळायचा आणि आपल्याला मिळत नव्हता तो आवाज दुसरा कसला होता?

तू तो डबा उशाशी घेऊन झोपणार होतीस. आता तुझ्या गळ्याशी आहे. आणि तू तो कपाटात टाकलास!

अख्ख्या गच्चीला जे उभ्या जन्मात मिळालं नाही ते तुझ्याकडे आहे, आणि तू मला सांगतेस दोन्ही आवाज तूच कर. अजिबात करणार नाही. त्या दिवशी गाड्यांतल्या लोकांच्या रेडिओवर स्वच्छ, गुळगुळीत आवाज येईल. डब्याचा खरा आवाज फक्त आपल्या गच्चीवर असेल. पुतण्यांना जळू दे. तुझ्या नातवालाही आण. आजी रोबो नाही, आजी ड्राइव्ह-इन आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

व्यवस्था अशी. तू २० तारखेला, गुरुवारी यायचंस. खिडकीजवळचा पलंग तुझा, गादीला ऊन दाखवून ठेवलं आहे. शुक्रवारी तालीम. ग्रंथपाल आवाज बंद करून प्रत घरी येऊन दाखवणार आहेत, मी त्यांना तसं अजून सांगितलेलं नाही. संवाद पाठ करू नकोस, आपण कधी केले होते? कप्तानाला वादळात थोडं जास्त बोलू दे, तिथे तू नेहमी घाई करायचीस. यंत्राचा सराव मात्र आजपासून कर. सुनेशी भांड. चांगला सराव होतो, आणि तिलाही बरं वाटेल.

शेवटी तो माणूस शिडीवरून उतरेल. खरा कोण आहे ते आता आपल्या दोघींनाही माहीत आहे. तरी तू म्हणायचंस, “उशीर झाला.” पुढचं माझं मला पाठ आहे.

येत आहेस की नाही, हे लेखी, सहीसकट, गुरुवार, १३ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. ‘बघते’, ‘कळवते’, ‘प्रकृती पाहून ठरवते’ ही उत्तरं स्वीकारली जाणार नाहीत. मुदतीत पत्र आलं नाही, तर पाच वाजून एका मिनिटाने मी फोन करीन, आणि या वेळी नुसत्या श्वासावर भागणार नाही.

तुझी,
कॉन्व्हेंट